सामाईक विहिरीची मोटार कुणाच्या नावावर?

मामा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात छत्तीस वर्षं होते. निवृत्तीला आता पुष्कळ दिवस झाले, पण कुणी नवी योजना घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न अजून तोच असतो: "सही कुणाची?" श्रीरामपूर-नेवासे रस्त्याला लागून त्यांची वस्ती आहे. मी पोचलो तेव्हा गाळप हंगाम सुरू होता. निम्मा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत आलो होतो. अंगावर धूळ होती आणि पिशवीत बारा पानांचा आराखडा.

काम असं होतं. एकाच नेतृत्वाखाली वाढलेल्या पाच संस्था: साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि नागरी बँक. आमच्या जिल्ह्याला हे चित्र नवं नाही. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकरी गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष झाला, आणि पुढं कारखान्याभोवती शाळा, कॉलेज, दवाखाना, बँक वसवायची रीतच पडली. माझ्याकडे आलेल्या संस्था त्याच वळणाच्या, दुसऱ्या तालुक्यातल्या, आकारानं पुष्कळ लहान. बाहेरच्या माणसाला त्या एकच वाटतात. कागदावर मात्र प्रत्येकीचा नोंदणी क्रमांक वेगळा, संचालक मंडळ वेगळं, लेखापरीक्षण वेगळं. संगणकांची जाळीही पाच, पाच वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या काळात टाकलेली. त्या पाचांसाठी मिळून एक ईमेल सर्व्हर उभा करायचा होता.

मामा याला विरोध करणार हे मला ठाऊक होतं. म्हणूनच आराखडा संचालकांपुढं ठेवायच्या आधी त्यांच्यापुढं ठेवला.

"एकच कशाला?" त्यांनी पहिलं पान वाचून चष्मा काढला. "ज्याचं त्याला वेगळं का नको?"

"मामा, आज काय चाललंय ते आधी ऐका. दूध संघाचा अधिकृत पत्ता फुकटच्या मेलवर आहे. तो उघडला एका लिपिकानं, स्वतःचा मोबाईल नंबर घालून. तो निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेला. आता पासवर्ड अडकला की ओटीपी जातो पुण्याला. इथून फोन करायचा, त्यांची दुपारची झोप मोडायची आणि सहा आकडे विचारून घ्यायचे. कॉलेजात प्राचार्य बदलले की पत्ता बदलतो, विद्यापीठाची पत्रं जुन्या प्राचार्यांना जातात. पतसंस्थेत तर मेलच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. ठरावाची प्रत, थकबाकीदारांची यादी, सगळं."

"मग प्रत्येकाला नीट पत्ता घेऊन द्या. त्याला सामाईक सर्व्हर कशाला?"

"कारण पाचही ठिकाणी सांभाळणारा माणूस मिळत नाही. सर्व्हर घेणं सोपं आहे. रोज त्याची नोंदवही बघणं, रात्री बॅकअप झाला का ते तपासणं, नवी पॅच आली की टाकणं, याला जाणता माणूस लागतो. तो पाच ठिकाणी परवडत नाही, एका ठिकाणी परवडतो. २०२२ साली केंद्रानं ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, तीही याच हिशेबानं. देशभर सॉफ्टवेअर एकच."

"सॉफ्टवेअर एक, पण खतावणी ज्या त्या सोसायटीची," मामा म्हणाले. "आमच्या गावच्या सोसायटीचं कर्ज शेजारच्या गावाच्या वहीत चढत नाही."

तेव्हा मी हे वाक्य पुढं जाऊ दिलं. पुढचे दोन तास आम्ही त्याच वाक्याभोवती फिरणार आहोत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मामांनी हात पश्चिमेला केला. बांधापलीकडं एक जुनी दगडी विहीर दिसत होती. "ती बघ. चौघा भावांची सामाईक. सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद आहे, प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. पाळ्या ठरलेल्या, दोन-दोन दिवसांच्या. पाण्यावरून भांडण झालं नाही कधी. भांडण झालं मोटारीवरून. वीजजोडणी थोरल्याच्या नावावर. थोरला गेला, बिल थकलं, जोडणी तुटली. नाव बदलायचं तर त्याच्या तिन्ही पोरांच्या सह्या हव्यात, आणि एक पोरगा सुरतेला. एका उन्हाळ्यात विहिरीत पाणी असून चौघांचा ऊस वाळला. तुझ्या या सर्व्हरची मोटार कुणाच्या नावावर आहे, ते मला या बारा पानांत दिसत नाही."

मी म्हणालो, "सर्व्हर कारखान्याच्या नावावर राहील."

"बघ, झालाच की थोरला भाऊ."

खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला. मी सहा आठवडे घालवले होते तांत्रिक बाजूवर. आणि तांत्रिक बाजू अवघडच होती. ती मामांना सांगावीशी वाटली, म्हणून एका कोऱ्या कागदावर पाच चौकोन काढले.

"हे बघा. कारखान्याच्या वजनकाट्याच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१०. दूध संघाच्या प्रिंटरचा पत्ताही १९२.१६८.१.१०. दोन्हीकडं माणसानं पेटीतून राउटर काढला, त्यावर आधीच जे आकडे होते तेच ठेवले. ही आकड्यांची मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवलेली आहे, जगात कुणीही आपल्या घरात वापरावी, १९९६ पासून तसा नियम आहे. आता दोन जाळी सरळ जोडली, आणि दूध संघातून कारखान्याच्या काट्याला साद घातली, तर उत्तर कोण देतं? दूध संघातलाच प्रिंटर."

मामा हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "म्हणजे मारुतीच्या देवळामागं."

"काय?"

"अरे, गावात पत्ता सांगतो आपण, मारुतीच्या देवळामागं. गावात तो पुरतो, पत्र बरोबर पोचतं. पण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात आहे. श्रीरामपूरच्या पोस्टात जाऊन कुणी 'मारुतीच्या देवळामागं' म्हटलं तर ते काय करतील?"

नेटवर्कच्या कुठल्याही वर्गात मला हे इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी समजावलं नव्हतं. माझ्या आराखड्यात याला उपाय होता: पाचही जाळ्यांचे आकडे नव्यानं वाटायचे, मग त्यांच्यात सुरक्षित बोगदे टाकायचे, आणि मधोमध सर्व्हर. चार पानं त्यावर खर्ची पडली होती. मामांनी ती चार पानं उलटून बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"पोस्टात पत्र टाकायला गावातल्या घरांना एकमेकांत दारं पाडावी लागतात का?"

लागत नाहीत. मेलसाठी पाच जाळी एकमेकांना जोडायची गरजच नाही. सर्व्हर पाचांच्याही बाहेर, स्वतःच्या अंगणात ठेवायचा. प्रत्येक संस्थेतला माणूस आपल्या जाळ्यातून बाहेर पडून, कुलूपबंद वाटेनं, नाव-पासवर्ड सांगून त्या अंगणात येतो. मेल घ्यायची एक खिडकी, टाकायची दुसरी. दूध संघाचा प्रिंटर आणि वजनकाटा यांची कधी गाठच पडत नाही, मग आकडे सारखे असले तरी बिघडत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांनी पेन ड्राइव्हमधून काही आणलं, तर ते पतसंस्थेच्या खतावणीपर्यंत चालत जाऊ शकत नाही. मी माझी चार पानं तिथंच काढून टाकली. सहा आठवड्यांतला मोठा भाग वाया गेला होता आणि मला हलकं वाटत होतं.

पोस्टाचा विषय निघालाच होता, तर मामांनी तो पुढं ओढला. हिशेब खात्यात असताना रोजचं टपाल त्यांच्या टेबलावरून जायचं. "आपला जिल्हा एक, पण पिन कोड बघ. नगर ४१४००१. श्रीरामपूर ४१३७०९. कोपरगाव ४२३६०१. संगमनेर ४२२६०५, अकोले ४२२६०१, हे नाशिकच्या वळणाचे. जिल्हाधिकारी एक असला म्हणून टपालाची वाट एक झाली नाही. ज्यानं हे आकडे बसवले तो शहाणा माणूस."

तो माणूस मराठीच होता, श्रीराम भिकाजी वेलणकर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. नाव गोंधळाचं असेल, अक्षर वाईट असेल, गाव एकाच नावाचं चार ठिकाणी असेल, तरी सहा आकड्यांवर पत्र पोचावं हा त्यामागचा विचार. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाकिटावर कुणी जुनं नाव लिहिलं, कुणी नवं लिहिलं, तरी ४१४००१ तेच राहिलं. ईमेलला मात्र असा आधार नाही. तिथं नाव हाच पत्ता. संस्थेनं डोमेनचं नाव बदललं आणि जुनं सोडून दिलं, की जुन्या नावावर आलेलं प्रत्येक पत्र परत जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते नाव दुसऱ्या कुणी घेतलं तर पत्र त्याच्या हाती पडतं. म्हणून नवं नाव घेतलं तरी जुन्याचं शुल्क वर्षानुवर्षं भरत राहायचं. आराखड्यात हे कलम मी घातलं होतं आणि मामांनी त्यावर बरोबरची खूण केली, त्या दुपारची पहिली.

मग मी त्यांना माझ्या मनातली खरी भीती सांगितली. ती आराखड्यात नव्हती.

"मागच्या हंगामात एका ठिकाणी असाच सामाईक सर्व्हर मी सांभाळत होतो. शाळेच्या कार्यालयातला एक संगणक बाधित झाला. कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला आणि रात्रभर त्या खात्यावरून हजारो भामटे मेल बाहेर पडले. सकाळी उठून बघतो तर आमच्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडा काळ्या यादीत. त्या दिवशी साखरेची निविदा होती. व्यापाऱ्यांना धाडलेलं एकेक पत्र परत येत होतं. दुपारी दीडपर्यंत मी याद्यांवाल्यांना अर्ज करत बसलो, आणि विक्री खात्यातला माणूस माझ्या पाठीशी उभा राहून प्रत्येक व्यापाऱ्याला फोनवर दर विचारत होता. चूक शाळेतल्या एका खात्याची, नुकसान कारखान्याचं. आणि खरी चूक माझी. एका खात्यानं तासाला किती मेल पाठवावेत याला मी बंधारा घातला नव्हता."

मामा बराच वेळ गप्प होते. "मग हे माहीत असून तू परत एकत्र करायला निघालास?"

"कारण आता कुठं काय बांधायचं ते कळलं. यंत्र एक, पण बाहेर जायच्या वाटा वेगळ्या. प्रत्येक संस्थेचा बाहेरचा आकडा स्वतंत्र, म्हणजे शाळेच्या आकड्याला डाग लागला तरी कारखान्याचा स्वच्छ राहतो. प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा. संस्थेच्या आतल्या कुठल्याही संगणकाला परस्पर बाहेर मेल टाकता येणार नाही, सर्व्हरच्या खिडकीतूनच जायचं. आणि प्रत्येकाचं डोमेन स्वतःचं, त्याची मोहोर स्वतःची. नाहीतर आता मोठे मेलवाले दारातही उभं करत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना, गुगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचे केले. साध्या भाषेत सांगायचं तर आमच्या वतीनं कोण पत्र टाकू शकतो त्याची जाहीर यादी, पाकिटावरची मोहोर, आणि मोहोर जुळली नाही तर काय करावं याची सूचना."

"बँकेचं काय?"

"बँकही यातच आहे."

"बँक यात नको."

इथं मी हरलो, आणि हरलो ते बरं झालं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली जायला सांगितलं होतं. ठेवीदारानं पत्त्याचं शेपूट बघून ओळखावं की ही खरीच बँक आहे. त्या नावाच्या मागं दूध संघाच्या शेजारी बसलेला सर्व्हर असावा, हे मला स्वतःलाच पटेना. बँकेला जाब विचारणारा वेगळा, तिचे नियम वेगळे. पाचाचे चार झाले. पतसंस्था राहिली, कारण ती सहकार खात्याखालची, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची नाही.

पण मामांचा खरा मुद्दा पुढंच होता. छत्तीस वर्षांत त्यांनी जे पाहिलं होतं ते त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. "समज, यांतल्या एका संस्थेची कलम ८३ ची चौकशी लागली. सहकार कायद्यात निबंधकाला दप्तर ताब्यात घ्यायचाही अधिकार आहे, कलम ८०. मी ते होताना पाहिलंय. कपाटाला लाखेचं सील लागतं आणि उद्या पगाराची वही कपाटात असली तरी हात लावता येत नाही. आता अधिकारी आला आणि म्हणाला, दूध संघाचं ईमेलचं दप्तर द्या. तू काय देशील? यंत्र उचलून देशील? त्यात कॉलेजचे निकाल आहेत, पतसंस्थेच्या कर्जदारांची कागदपत्रं आहेत. आणि निवडणुकीनंतर नेतृत्वच फुटलं तर? दूध संघ एकाकडं, कारखाना दुसऱ्याकडं. कारखान्याच्या ताब्यातल्या यंत्रात विरोधकाची पत्रं. रात्री कोण वाचेल, कोण वाचणार नाही, शपथ घेऊन सांगशील?"

नाही सांगता येत. सर्व्हरची किल्ली ज्याच्या हातात, त्याला प्रत्येकाची पेटी उघडता येते. हे संचालकांना सहसा कुणी सांगत नाही, आणि सांगितलंच पाहिजे.

सामाईक यंत्रणा सहकारात नवी नाही हे दाखवायला मी वारणेचं उदाहरण काढलं. १९९८ मध्ये वारणानगरला कारखान्याभोवतीच्या ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली, केंद्र सरकारच्या मदतीनं, देशभर गाजावाजा झाला. ऊस नोंद, वजन, खत, सगळं गावात बसून कळावं. मामांना ते पाठ होतं. "गेलो होतो बघायला. पुढं काय झालं?" पुढं असं झालं की केंद्रं मुख्यतः ऊस आणि खताच्या नोंदींपुरतीच उरली. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग करून दाखवलं की तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर भागतं, स्वस्तात. मला वारणेची थोरवी कमी करायची नाही. उसाचं वजन गावात कळणं ही शेतकऱ्यासाठी मोठीच गोष्ट होती. पण सामाईक यंत्रणा बांधताना माणसांना तिच्यातून नेमकं काय हवंय ते आधी विचारावं, एवढं त्यातून मी घेतलं.

"इथं माणसांना काय हवंय?" मामांनी विचारलं.

"पत्र पोचावं. जुनं पत्र सापडावं. आणि शेजाऱ्याला दिसू नये."

"मग तेवढंच लिही."

दिवे लागले तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. सर्व्हर कारखान्यात ठेवायचा माझा बेत मामांनीच मोडला. हंगामात कारखान्याची स्वतःची वीज असते, हंगाम संपला की बाहेरच्या विजेवर दिवस काढायचे, आणि मेल बारा महिने लागतो. तेव्हा यंत्र पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं. तिथली वाट तासभर तुटली तरी पत्र लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा हेलपाटे घालतो, दार उघडलं की पत्र देतो. हे ऐकून मामांना पोस्टमनची आठवण झाली, पुरात गोदावरी ओलांडता आली नाही तर तिसऱ्या दिवशी येणाऱ्या. सायबर हल्ला किंवा घुसखोरी झाली तर सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं आणि नोंदी १८० दिवस जपायच्या, हा २०२२ चा आदेश मी वाचून दाखवला. सहा तासांत कळवायची सही कुणाची, ते त्यांनी तिथंच लिहून घेतलं.

मग वाटणी. मामांनी हा शब्द वापरला आणि मलाही तोच योग्य वाटतो. चार संस्थांचा साठा पहिल्या दिवसापासून चार वेगळ्या कप्प्यांत, प्रत्येक कप्प्याचं कुलूप वेगळं. एकीचं दप्तर मागितलं तर तेवढाच कप्पा उचलून देता यावा, बाकी तिघींचं काम त्या दिवशीही चालू राहावं. किल्ली वापरली की त्याची नोंद चारही संस्थांच्या सचिवांना आपोआप जावी. कुणाला बाहेर पडायचं असेल तर तीन महिन्यांची सूचना, सगळा साठा प्रमाणित रूपात हाती, आणि डोमेन तर मुळातच त्यांचंच. खर्चाची वाटणी मेलपेट्यांच्या संख्येवर. हे सगळं करार म्हणून, चार संचालक मंडळांच्या चार ठरावांसकट, यंत्र सुरू व्हायच्या आधी.

"आत्ता सगळे गोडीत आहेत," मामा म्हणाले. "आत्ताच लिही."

मी लिहीत असताना ते माझी जुनी फाइल चाळत बसले होते. चारही संस्थांच्या डोमेनच्या पावत्यांच्या झेरॉक्स मी त्यात लावल्या होत्या, नुसत्या नोंदीसाठी. एका पावतीवर त्यांचं बोट थांबलं. शिक्षणसंस्थेच्या डोमेनची पावती. रक्कम बरोबर, संस्थेच्या खात्यातून दिलेली. पण मालक म्हणून नाव होतं ते आठ वर्षांपूर्वी संस्थेची वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचं. मुदत मार्चअखेर संपत होती.

"हा कुठं असतो आता?"

मला माहीत नव्हतं. कॉलेजच्या कार्यालयात फोन केला, तिथून त्याच्या एका वर्गमित्राचा नंबर मिळाला, वर्गमित्राकडून त्याचा. मामांनी आराखडा बाजूला सारला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चचा शेवटचा आठवडा पेनानं घेरला. फोन वाजत होता. चौथ्या घंटीला त्यानं उचलला.

"कॉलेजातून बोलतोय," मी म्हणालो, "एक सही हवी होती तुमची."